एकाच बाईची सावत्र आईही आणि सावत्र मुलगीही? (फेरर्स–क्विन्सी–मार्शल वंशवृक्ष)

तिसरी_पिढी (प्रश्न)

तेराव्या शतकातल्या तीन इंग्रज घराण्यांचा वंशवृक्ष लावतोय: डर्बीचे फेरर्स, विंचेस्टरचे क्विन्सी आणि पेम्ब्रोकचे मार्शल. काळ साधारण १२०० ते १३००. बहुतेक मंडळी जागेवर बसली, पण मार्गारेट द क्विन्सीपाशी सगळं अडलंय. सॉफ्टवेअर एकामागून एक इशारे देतंय.

१. मार्गारेटला दोन वडील दिसतात, रॉबर्ट द क्विन्सी आणि रॉजर द क्विन्सी.

२. तिचं विल्यम द फेरर्सशी लग्न १२३८च्या सुमाराचं. विल्यम वारला १२५४मध्ये. मग १२४२मध्ये तिचं वॉल्टर मार्शलशी लग्न कसं झालं?

३. विल्यमला पहिल्या बायकोपासून, म्हणजे सिबिल मार्शलपासून, एलेनॉर नावाची मुलगी होती. अर्थात मार्गारेट तिची सावत्र आई. पण याच एलेनॉरचा नवरा म्हणून मार्गारेटचा बाप रॉजर नोंदलेला आहे. तसं असेल तर एलेनॉरच मार्गारेटची सावत्र आई होते!

तिसऱ्या मुद्द्यातही माणसांची सरमिसळ झालीय, की हे खरंच घडलं? खरं असेल तर चर्चने अशा लग्नाला परवानगी कशी दिली? आणि एलेनॉरच्या वाट्याला मार्शलांची नेमकी किती जमीन आली, हे काढायची रीत काय? काही ठिकाणी १/५ दिसतं, काही ठिकाणी १/३५.

---

रेवती_म

पहिल्या दोन इशाऱ्यांचं मूळ एकच आहे. तुमच्या फाइलमध्ये दोन चुलत बहिणींची एक बाई झाली आहे. तिसरा इशारा मात्र बरोबर आहे, तसं खरोखर घडलं होतं.

आधी दोघींना वेगळं करा. दोघीही विंचेस्टरचा पहिला अर्ल (वरच्या दर्जाचा सरदार) सेअर द क्विन्सी (मृत्यू १२१९) याच्या नाती.

थोरला मुलगा रॉबर्ट बापाच्या आधी, १२१७मध्ये वारला. त्याची बायको चेस्टरची हॉविस, आणि त्यांची एकुलती मुलगी मार्गारेट. हिचं पहिलं लग्न जॉन द लेसीशी. तिच्या आईकडून आलेल्या हक्काने त्याला लिंकनची अर्लकी मिळाली. तो १२४०मध्ये गेल्यावर तिने जानेवारी १२४२मध्ये वॉल्टर मार्शलशी लग्न केलं. ही लिंकनची काउंटेस, मृत्यू १२६६.

दुसरा मुलगा रॉजर, विंचेस्टरचा दुसरा अर्ल. त्याची पहिली बायको गॅलोवेच्या ॲलनची मुलगी हेलन. या जोडप्याला तीन मुली: मार्गारेट, एलिझाबेथ, आणि हेलन (हिलाच एला असंही लिहितात). यातली मार्गारेट विल्यम द फेरर्सची दुसरी बायको झाली. ही डर्बीची काउंटेस, आणि १२८०च्या आसपासपर्यंत हयात.

म्हणजे लिंकनची मार्गारेट रॉजरची पुतणी आणि डर्बीची मार्गारेट त्याची मुलगी. वेगळं करताना नुसतं नाव बदलून भागत नाही. वॉल्टर मार्शल आणि जॉन द लेसी ही दोन्ही कुटुंब-एककं (एकेका जोडप्याची आणि त्यांच्या मुलांची एकत्र नोंद) एकीकडे, फेरर्सचं कुटुंब-एकक दुसरीकडे, अशी हलवावी लागतील. लेसीची मुलं तिच्यासोबत जातात की नाही तेही बघा. असं एकत्रीकरण झालेल्या फाइलींत एडमंड द लेसी हमखास फेरर्सच्या घरात सापडतो. नोंदीच्या नावातच ‘रॉबर्टची मुलगी, लिंकन, मृ. १२६६’ आणि ‘रॉजरची मुलगी, डर्बी’ असं लिहून टाका, म्हणजे पुढच्या आयातीत सॉफ्टवेअर पुन्हा दोघींना जुळवायला जाणार नाही.

आता तिसऱ्या इशाऱ्यातल्या वर्तुळाकडे. विल्यम द फेरर्स आणि सिबिल मार्शल यांना सात मुली. त्यांतली एलेनॉर आधी विल्यम द व्हॉक्सची बायको होती आणि तो मेल्यावर १२५२मध्ये ती रॉजर द क्विन्सीची तिसरी बायको झाली. रॉजरची दुसरी बायको मॉड द बोहून त्याच वर्षी वारली होती. तीन मुली होत्या, मुलगा नव्हता, वय पन्नाशीच्या पुढे. एवढी घाई का, ते यावरून समजतं. मुलगा झाला नाहीच. रॉजर १२६४मध्ये गेला आणि विंचेस्टरची अर्लकी त्याच्याबरोबर संपली. एलेनॉरने पुढे रॉजर द लेबर्नशी तिसरं लग्न केलं.

सॉफ्टवेअर वर्तुळ का दाखवतं? कुणीतरी मार्गारेटला एलेनॉरच्या कुटुंब-एककात ‘मूल’ म्हणून जोडलेलं असणार. मूल फक्त जन्मदात्या आईबापाच्या एककाला जोडायचं. सावत्र नातं कुठेही हाताने भरायचं नसतं, ते लग्नांवरून आपोआप निघतं. इथे विल्यमची दोन एककं आणि रॉजरची तीन. प्रत्येक मुलगी फक्त स्वतःच्या आईच्या एककात ठेवा. रक्ताच्या रेघा कुठेच गोल फिरत नाहीत, त्यामुळे इशारा निघून जाईल.

---

ढालकाठी

रेवतीताईंशी सहमत. एक भर घालतो, कारण पुढचा घोटाळा इथेच होतो. सेअरला रॉबर्ट नावाचे दोन मुलगे होते. थोरला १२१७मध्ये गेलेला, हॉविसचा नवरा. धाकटा रॉबर्ट १२५७पर्यंत जगला आणि त्याची बायको ल्यूएलिन आप इओर्वर्थची मुलगी हेलन, जॉन द स्कॉटची विधवा. एकाच आईबापाला एकाच नावाची दोन मुलं हयात असणं त्या काळात नवलाचं नव्हतं. देवपित्याचं (बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याचं) नाव मुलाला द्यायची पद्धत होती, आणि दोघा भावांचे देवपिते एकाच नावाचे असू शकत. ‘आधीचा मेला म्हणून नाव पुन्हा ठेवलं’ हे गृहीत धरू नका.

दुसरं, ढालचिन्हांचा पुरावा. डर्बीच्या मार्गारेटला ग्रोबी ही मालमत्ता बाप रॉजरकडून आली. ती तिने धाकटा मुलगा विल्यम याला दिली. ग्रोबीच्या फेरर्सांनी बापाच्या घराण्याची ढाल सोडून आजोळची घेतली: लाल पृष्ठावर सात सोनेरी, मधे पोकळ असलेले चौकोन, कोनावर उभे. आडनाव फेरर्स आणि ढाल क्विन्सी दिसली की जमीन आईकडून आली आहे असं समजून शोध घ्यावा. मात्र ढाल हा इशारा आहे, पुरावा नव्हे. नंतरच्या पिढ्या शोभेसाठीही जुनी चिन्हं उचलत.

---

अनवट

चर्चच्या बाजूबद्दल. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने रक्तसंबंधाची बंदी सातव्या पायरीवरून चौथ्यावर आणली. सोयरिकीलाही तीच मर्यादा लागते. म्हणजे नवऱ्याचे रक्ताचे नातेवाईक बायकोला वर्ज्य आणि बायकोचे नवऱ्याला, चौथ्या पायरीपर्यंत. रॉजर हा विल्यमचा सासरा, त्यामुळे एलेनॉर त्याला जावयाची मुलगी. इतक्या जवळच्या सोयरिकीत पोपची सूट घेतल्याशिवाय लग्न होणं कठीण. ती सूट शोधावी असं सुचवतो.

पायऱ्या मोजायची रीत आधी पक्की करा. कारण आधुनिक वंशावळ-प्रणाली देते ती गणती वेगळी आणि चर्चची वेगळी. चर्च सामाईक पूर्वजापासून खाली मोजतं आणि लांब असलेली बाजू धरतं. रोमन कायदा मात्र एका व्यक्तीपासून वर जाऊन दुसऱ्या बाजूने खाली उतरतो आणि दोन्ही बाजूंची बेरीज करतो. सख्खी चुलत-मामे भावंडं चर्चच्या हिशोबात दुसऱ्या पायरीवर आणि रोमन हिशोबात चौथ्या. त्यामुळे कागदात ‘चौथी पायरी’ दिसली की कागद कुणाचा आहे ते आधी बघायचं.

याचं गाजलेलं उदाहरण फ्रान्समधलं. लुई सातवा आणि अ‍ॅक्विटेनची एलेनॉर यांचं लग्न २१ मार्च ११५२ला बोजांसीला रक्तसंबंधाच्या कारणावरून रद्द झालं. मोजून बघा. सामाईक पूर्वज फ्रान्सचा राजा रॉबर्ट दुसरा.

लुईची बाजू: रॉबर्ट, त्याचा मुलगा हेन्री पहिला (१), फिलिप पहिला (२), लुई सहावा (३), लुई सातवा (४).

एलेनॉरची बाजू: रॉबर्ट, त्याचा मुलगा बर्गंडीचा ड्यूक रॉबर्ट (१), त्याची मुलगी हिल्डेगार्ड (२), अ‍ॅक्विटेनचा विल्यम नववा (३), विल्यम दहावा (४), एलेनॉर (५).

चार आणि पाच. तेव्हा मर्यादा सातची होती, त्यामुळे कारण कायद्यात बसत होतं. आणि दोन महिन्यांनी, १८ मेला, तिने पोवातिएला ज्याच्याशी लग्न केलं तो हेन्री प्लँटॅजेनेट तिला याहून जवळचा! सामाईक पूर्वज आंजूची एरमेंगार्द. तिला गातिनेच्या काउंटपासून झालेला फुल्क चौथा (१), फुल्क पाचवा (२), जेफ्री (३), हेन्री (४). दुसऱ्या नवऱ्यापासून, म्हणजे वर आलेल्या बर्गंडीच्या रॉबर्टपासून, झालेली हिल्डेगार्ड (१), विल्यम नववा (२), विल्यम दहावा (३), एलेनॉर (४). चार आणि चार. यात गंमत अशी की पूर्वज जोडपं नसून एकटी बाई आहे. वंशवृक्षात एरमेंगार्दचं एकच लग्न भरलं तर हे नातं दिसतच नाही. बायकांची दुसरी लग्नं भरायला आळस करणाऱ्यांची फाइल इथे गप्प बसते.

---

जुनं_दप्तर

पायऱ्यांचा हिशोब चोख आहे, पण सोयरिकीचा नियम वर चुकीच्या जागी लावला गेलाय.

सोयरीक नवरा आणि बायकोचे रक्ताचे नातेवाईक यांच्यात, आणि बायको आणि नवऱ्याचे रक्ताचे नातेवाईक यांच्यात येते. नवऱ्याचं रक्त आणि बायकोचं रक्त यांच्यात आपसात काहीच येत नाही. म्हणूनच दोन भावांनी दोन बहिणींशी लग्न केलेलं चालतं. बापाने आणि मुलाने अनुक्रमे आईशी आणि मुलीशी केलेलंही चर्चला मान्य होतं. विल्यम आणि मार्गारेटच्या लग्नाने विल्यमला रॉजर वर्ज्यकक्षेत आला आणि मार्गारेटला एलेनॉर. रॉजर बायकोचं रक्त, एलेनॉर नवऱ्याचं रक्त. त्यांना मोकळीक होती. यासाठी सूट शोधत बसलात तर वेळ वाया जाईल.

खरी अडचण दुसरीकडे होती, आणि ती १२१५नंतर उरली नव्हती. रॉजरची दुसरी बायको मॉड द बोहून ही आधी अ‍ॅन्सेल्म मार्शलची बायको. अ‍ॅन्सेल्म हा सिबिलचा भाऊ, म्हणजे एलेनॉरचा मामा. रॉजरने आधी तिच्या मामीशी लग्न केलं आणि मामी गेल्यावर भाचीशी. जुन्या नियमात याला दुसऱ्या प्रकारची सोयरीक म्हणत आणि ती वर्ज्य होती. लॅटरन परिषदेच्या पन्नासाव्या नियमाने दुसरा आणि तिसरा प्रकार रद्द केला. त्यामुळे हेच लग्न १२०० साली वादात सापडलं असतं, १२५२ साली नाही.

जाता जाता: लिंकनची मार्गारेट वॉल्टर मार्शलची बायको, म्हणजे तीही एलेनॉरची मामीच. एलेनॉरला एक मार्गारेट द क्विन्सी सावत्र आई आणि दुसरी मामी. फाइलमध्ये दोघी एक झाल्या यात नवल नाही.

---

तिसरी_पिढी

दोघी वेगळ्या केल्या, एडमंड द लेसी खरंच फेरर्सच्या घरात होता. पहिले दोन इशारे गेले. मार्गारेट एलेनॉरच्या एककात मूल म्हणून होती, तीही काढली.

आता जमिनीचं सांगा. एलेनॉरचा मार्शल वाटा १/५ की १/३५? आणि त्या वाट्यावर तिचा सावत्र भाऊ रॉबर्ट द फेरर्स याचा काही हक्क होता का?

---

जुनं_दप्तर

१/३५. पण तो आकडा हक्काचा आहे, हातात पडलेल्या जमिनीचा नाही.

विल्यम मार्शल (मृत्यू १२१९) आणि इझाबेल द क्लेअर यांना पाच मुलगे आणि पाच मुली. मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि सगळे औरस संततीशिवाय गेले: विल्यम १२३१, रिचर्ड १२३४, गिल्बर्ट १२४१, वॉल्टर नोव्हेंबर १२४५, अ‍ॅन्सेल्म डिसेंबर १२४५. इंग्रज सामान्य कायद्यात मुलगे असतील तर थोरला सगळं घेतो, पण फक्त मुली उरल्या तर सगळ्या समान वाटेकरी. मेलेल्या बहिणीच्या जागी तिची मुलं उभी राहतात आणि तिचाच वाटा आपसात घेतात. हिशोब शाखेनुसार करायचा, डोक्यांनुसार नाही. १/५ आणि १/३५ मधला गोंधळ इथला आहे.

मॉड, नॉर्फोकच्या ह्यू बिगॉडची विधवा: स्वतः हयात, १/५. कार्लो आणि चेपस्टो तिच्याकडे.
इझाबेल, १२४०मध्ये मृत: मुलगा रिचर्ड द क्लेअर, १/५. किल्केनी, अस्क.
सिबिल, मृत: सात मुली, प्रत्येकी १/३५. किल्डेअर.
ईव्हा: हिचा नवरा विल्यम द ब्रिओस, ज्याला ल्यूएलिनने १२३०मध्ये फाशी दिलं. वाटणीत तीन मुली आल्या, प्रत्येकी १/१५. डनमेझ पुढे रॉजर मॉर्टिमरच्या बायकोकडे.
जोन, वॉरिन द मन्चेन्सीची बायको, मृत: शेवटी मुलगी जोन, १/५. तिचा नवरा विल्यम द व्हॅलेन्स. वेक्सफर्ड आणि पेम्ब्रोक.

वाटेकरी एकूण तेरा. बेरीज करून बघा: तीन शाखांचे ३/५, सात गुणिले १/३५ म्हणजे १/५, तीन गुणिले १/१५ म्हणजे १/५. एक पूर्ण व्हायलाच हवा. होत नसेल तर एखादी शाखा दोनदा धरली गेलीय किंवा एखादी बहीण राहिलीय.

मार्शल हे राजदरबारातलं वंशपरंपरागत पद मात्र वाटता येत नाही. थोरल्या मुलीला मान मिळतो, म्हणून ते मॉडकडे आणि तिच्यामार्फत बिगॉडांकडे गेलं. प्रत्येक शाखेत हाच नियम पुन्हा लागतो. सिबिलच्या सात मुलींत थोरली अ‍ॅग्नेस द व्हेस्की, मुख्य किल्ला आणि न्यायाधिकार तिच्या बाजूला. म्हणून पुढे किल्डेअरचा लॉर्ड म्हणून तिचा मुलगा विल्यम द व्हेस्की दिसतो आणि १२९७मध्ये तोच किल्डेअर राजाला देऊन टाकतो. हे वाचून अ‍ॅग्नेसला सगळं मिळालं असं लोक लिहितात. तिचा जमिनीतला वाटा बाकी बहिणींइतकाच होता.

आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या १२४७च्या वाटणीत प्रत्येक पाचवा हिस्सा वर्षाला सुमारे ३४३ पौंडांचा धरला होता. त्याचा सातवा भाग साधारण ४९ पौंड. एका ठिकाणी कमी पडलं तर दुसऱ्या शाखेच्या मुलखातलं गाव देऊन भर केली जाई. म्हणून एखादं गाव भलत्याच कौंटीच्या वाटेकऱ्याकडे दिसलं तर लगेच चूक समजू नका.

रॉबर्टचं: शून्य. मार्शल जमीन सिबिलच्या रक्तातून खाली येते आणि रॉबर्ट मार्गारेटचा मुलगा. उलट डर्बीची अर्लकी बापाकडून, ती पूर्ण रॉबर्टची. सात सावत्र बहिणींना त्यातलं काही नाही. आणि मार्गारेटची क्विन्सी जमीन फक्त मार्गारेटच्या पोटच्या मुलांची. एकाच घरात तीन वेगळे प्रवाह आहेत. प्रत्येक जमिनीला ‘कुणाकडून आली’ हा रकाना ठेवल्याशिवाय हे सांभाळता येत नाही. याचा पुरावा १२६६मध्ये दिसतो: बंडामुळे रॉबर्टच्या जमिनी गेल्या आणि राजाचा मुलगा एडमंड याला मिळाल्या, पण मार्गारेटचा वारसा तिच्या नावावर असल्याने वाचला. ग्रोबी धाकट्याला देता आलं ते त्यामुळेच.

---

रेवती_म

यात विधवांचा हक्क मिळवा, नाहीतर आकडे जुळणार नाहीत. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातीपुरता मिळे. त्याला डॉवर म्हणत. तो वारसांच्या वाट्यांतून आधी वजा होतो आणि ती गेल्यावर परत येतो. डॉवरमध्ये गेलेल्या जमिनीवर दुसरा डॉवर लागत नाही. त्यामुळे दोन विधवा हयात असतील तर पहिलीला १/३, दुसरीला उरलेल्या २/३चा तिसरा म्हणजे २/९, आणि वारसांच्या हातात ४/९. हे कागदावरचं गणित. व्यवहारात गावं नेमून दिली जात किंवा रोख ठरे.

मार्शलांत १२४६ला मुख्य दोन दावे. एक राजा हेन्री तिसऱ्याची बहीण एलेनॉर, धाकट्या विल्यम मार्शलची विधवा, जी १२३८पासून सायमन द माँटफोर्टची बायको होती. तिला आयर्लंड आणि वेल्समधल्या डॉवरऐवजी वर्षाला ४०० पौंड ठरले होते. ते फार कमी आहेत हे भांडण इतकं चाललं की १२५९च्या पॅरिस तहाच्या वेळी फ्रान्समधले हक्क सोडायला ती तयार होईना आणि तह अडला. दुसरी आपली लिंकनची मार्गारेट, वॉल्टरची विधवा. तिच्या डॉवरमध्ये किल्डेअर आलं, म्हणजे नेमका सिबिलच्या मुलींचा मुलूख. ती १२६६पर्यंत जगली. तोवर किल्डेअरच्या १/३५ मधला बराचसा भाग मामीकडे अडकलेला. एलेनॉरच्या नावावर त्या वीस वर्षांत आयर्लंडमधली जमीन कमी दिसली तर कारण हे.

अ‍ॅन्सेल्मची विधवा मॉड द बोहून हिचं प्रकरण तपासताना आधी ताबा बघा. डॉवरसाठी नवऱ्याचा जमिनीवर प्रत्यक्ष ताबा झालेला असावा लागतो, आणि अ‍ॅन्सेल्म भावानंतर महिनाभरही जगला नाही.

मग १२६४ येतं. रॉजर वारला, एलेनॉर विधवा. क्विन्सी जमीन तीन मुलींना: मार्गारेट, अलेक्झांडर कॉमिनची बायको एलिझाबेथ आणि अ‍ॅलन ला झूशची बायको हेलन. प्रत्येकीचा हक्क १/३. इंग्लंडमधल्या जमिनीवर एलेनॉरचा डॉवर १/३, म्हणजे मुलींच्या हाती तात्पुरतं २/९, २/९, २/९. मार्गारेटला आपल्या सावत्र मुलीला सावत्र आई म्हणून जमीन सोडावी लागली, आणि स्वतः ती विल्यम फेरर्सची विधवा म्हणून फेरर्स जमिनीतून डॉवर घेत होती. या दोन डॉवरांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कोणती एलेनॉर आणि कोणती मार्गारेट याबद्दल शंका राहत नाही. रॉजरकडचं स्कॉटलंडचं कॉन्स्टेबलपद मार्गारेटने सोडलं आणि ते कॉमिनकडे गेलं.

---

अनवट

सिबिलच्या मुलींत फ्रेंच धागा हवा असेल तर मॉड द फेरर्स बघा. तिचा पहिला नवरा सायमन द काइम, दुसरा पोवातूकडचा विल्यम द व्हिव्होन, तिसरा रोशुआरचा व्हायकाउंट. तिला व्हिव्होनपासून चार मुली, म्हणजे १/३५चे पुन्हा चार भाग: १/१४०. त्यातली सेसिली हॅचच्या जॉन द बोशांची बायको. अपूर्णांक इतका बारीक झाला की लोक फायद्यातोट्याचा विचार करून वाटे आपसात बदलत किंवा विकत. तिथून पुढे वंशावरून जमीन काढणं सोडा आणि व्यवहाराचे कागद शोधा. ‘फूट ऑफ फाइन’ ही न्यायालयातल्या तडजोडीची नोंद ११९५पासून तीन प्रतींत लिहिली जाई, दोन पक्षांना दोन आणि तळातली सरकारी दप्तरात. ती तळातली प्रत टिकली आहे.

नवरा जिवंत असेल तर आणखी एक बघा. बायको वारसदार असून आधी गेली आणि मूल जिवंत जन्मलेलं असेल, तर नवरा तिची जमीन स्वतःच्या हयातीपर्यंत ठेवतो. मूल नंतर मेलं तरी. म्हणून एखादा वाटा बाईच्या मृत्यूनंतर वीस वर्षं मुलाऐवजी बापाच्या नावावर दिसतो.

---

ढालकाठी

तारखांचं कुणी बोललं नाही, आणि १२४५-५२ या तुमच्या नेमक्या काळात त्याने घोळ होतो.

सरकारी गुंडाळ्यांत (गुंडाळून ठेवलेल्या दप्तरांत) इसवी सन नसतो, राजा गादीवर आल्यापासून मोजलेलं राज्यवर्ष असतं. हेन्री तिसऱ्याचं वर्ष २८ ऑक्टोबरला सुरू होतं. राज्यवर्ष क्रमांकात १२१५ मिळवा, तिथून ते सुरू. ३६वं वर्ष म्हणजे २८ ऑक्टोबर १२५१ ते २७ ऑक्टोबर १२५२. वॉल्टर आणि अ‍ॅन्सेल्म दोघांचे मृत्यू ३०व्या वर्षात येतात. ‘३० म्हणजे १२४६’ असं सरसकट लिहिलं की दोघेही एक वर्षाने पुढे ढकलले जातात.

इंग्लंडमध्ये काही बखरींत नवं वर्ष २५ मार्चला, त्यामुळे त्यांतली १ जानेवारी ते २४ मार्च यातली तारीख आपल्या हिशोबाने पुढच्या सालात. फ्रेंच राजदरबार ईस्टरला वर्ष बदलत असे. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कधीही येतो, म्हणून काही तारखा एकाच सालात दोनदा येतात, तर काही येतच नाहीत. वर आलेला २१ मार्च ११५२ घ्या. त्या साली ईस्टर ३० मार्चला होता, त्यामुळे ईस्टर पद्धतीने लिहिणाऱ्याच्या कागदात ते ११५१ असतं. एलेनॉरचं दुसरं लग्न १८ मेचं, ते दोन्हीकडे ११५२. दोन कागद शेजारी ठेवणाऱ्याला मधे वर्षभराचा खंड दिसतो, प्रत्यक्षात तो आठ आठवड्यांचा.

वयांच्या बाबतीतही तसंच. जमीनदार मेल्यावर ज्युरी बसवून जी चौकशी होई, तिच्यात वारस ‘एकवीस वर्षांचा आणि अधिक’ असं लिहिलेलं असतं. ती किमान मर्यादा, जन्मसाल नव्हे. तिच्यावरून वजाबाकी करून जन्मसाल भरलं की भावंडांचा क्रम उलटतो. अशी चौकशी नसेल तर दोन्ही बाजूंच्या मर्यादा लिहाव्यात. एलेनॉर द फेरर्सच्या बाबतीत आई सिबिल १२३८च्या आधी गेलेली, म्हणजे एलेनॉर त्याआधीची, आणि १२५२ला ती विधवा होऊन दुसरं लग्न करते. जन्मसालाच्या रकान्यात ‘१२३८पूर्वी’ एवढंच टाका, आणि आधार म्हणून सिबिलची नोंद जोडा.